मेंदूपुढे धरलेला आरसा

(नभोवाणीवरील भाषण)



पेडणे तालुक्यातील मांद्रे या गावी मी शिक्षिकेचे काम करते. गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी शाळा सुटल्यानंतर आमच्या एका विद्यार्थ्याची आई मला भेटावयास आली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद तिने माझ्यापुढे उलगडला. माणसाचे डोके वरून पाहावे तशी पाचसहा वर्तुळे त्यावर छापलेली होती आणि त्यांत कोठे तांबडा, कोठे हिरवा, कोठे निळा रंग भरलेला होता. ती म्हणाली, ‘बाई, हा तांबडा रंग आहे ना, त्याच्यामुळे पोराचे लक्ष लागत नाही, असे सांगितले. चाळीस बैठका घ्यायला हव्यात म्हणतात. डोक्याला तारा लावून संगणकावर खेळ खेळवतात, दुखत नाही. चाळीस झाल्या म्हणजे तो चांगला होईल ना?’

मला उत्तर देता येईना. ‘वयनी, मला आठ दिवस द्या,’ एवढेच मी म्हटले. त्या आठ दिवसांत, आणि त्यानंतरही, मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. या उपचाराला न्यूरोफीडबॅक असे नाव आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु चंचल मुलाचा आईबापांनंतर सर्वांत अधिक संबंध येतो तो शिक्षकाशी. आणि असा रंगीत कागद हाती घेऊन आता अनेक घरांतील माणसे विचारात पडू लागली आहेत. तेव्हा त्या बैठकीत काय घडते, तिच्याकडून कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये, हे साध्या शब्दांत सांगणे उपयोगाचे होईल असे वाटते.

प्रथम माझी एक चूक सांगून टाकते. हा मुलगा दोन वर्षे माझ्या वर्गात होता. बाकावर तो पाच मिनिटे स्थिर बसत नसे. गणित अर्धे सोडवून खिडकीशी जाई. वही घरी, पेन्सिल मैदानात, आणि दुसऱ्याचे उत्तर पुरे होण्याआधी याचे उत्तर सुरू. मी त्याला कितीदा तरी दाराशी उभे केले आणि ‘तुझे लक्षच नाही’ हे वाक्य शेकडो वेळा ऐकविले. पुढे एकदा पाऊस ओसरल्यावर मी किनाऱ्यावर गेले असता रापण ओढण्याची तयारी चाललेली पाहिली. त्याचे वडील रापणीवर जातात. हा मुलगा वाळूवर उभा राहून पाण्याकडे पाहत होता. पाण्याचा रंग कोठे पालटतो, पक्षी कोठे उतरतात, तारल्यांचा थवा कोणत्या बाजूने येतो, याकडे तो जवळजवळ अर्धा तास डोळे लावून होता आणि मी शेजारी येऊन उभी राहिले हेही त्याला कळले नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, या मुलापाशी लक्ष नाही असे नव्हे. ते हवे तेव्हा हवे तेथे वळविण्याचा लगाम त्याच्या हाती नाही. हा भेद मला दोन वर्षे उशिरा कळला.

तो लगाम हाती यावा यासाठीच न्यूरोफीडबॅकची कल्पना निघाली. तिचे मूळ बरेच जुने आहे. 1924 साली जर्मनीतील येना शहरात हान्स बर्गर नावाच्या मानसवैद्याने माणसाच्या मेंदूतून निघणाऱ्या विजेच्या लहरी प्रथम कागदावर उतरविल्या आणि 1929 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. योगायोग असा की, त्याच 1924 साली आपल्याकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना करून योगाच्या क्रियांची यंत्रांनी मोजणी करण्याचे काम चालविले. बर्गरला असे दिसले की, मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला म्हणजे सेकंदाला आठ ते तेरा या वेगाने एकसारख्या लहरी उमटतात आणि डोळे उघडताच त्या बहुधा विरून जातात. या लहरींना त्याने अल्फा हे नाव दिले. त्यांहून मंद त्या थीटा, त्यांहून जलद त्या बीटा. या लहरी किती सूक्ष्म असतात म्हणाल, तर विजेरीतील एका साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो; टाळूवर उमटणारी पन्नास मायक्रोव्होल्टची लहर ही त्याचा तीस हजारावा भाग होय.

1961 साली नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि सिंग या संशोधकांनी समाधी लावलेल्या योग्यांच्या मेंदूलहरी नोंदविल्या. बाहेरून आवाज अथवा स्पर्श केला तरी त्यांच्या अल्फा लहरी मोडत नाहीत, असे त्यांना आढळून आले. दीर्घ अभ्यासाने मेंदूच्या लहरींवर काही ताबा मिळू शकतो, असे यावरून दिसू लागले. मग प्रश्न असा आला की, योग्याला वर्षानुवर्षे जे साधावे लागते ते यंत्राच्या साहाय्याने सामान्य माणसाला लवकर शिकविता येईल काय? अमेरिकेत जो कामिया यांनी माणसांना आपल्या अल्फा लहरी ओळखावयास शिकविले. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना विशिष्ट लहर उमटली की दूध आणि रस्सा देण्याची युक्ती केली, आणि मांजरे ती लहर मुद्दाम उमटवू लागली. पुढे एका विषारी इंधनाची परीक्षा चालली असता, ही शिकलेली मांजरे इतरांइतक्या लवकर झटक्यांना बळी पडत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. 1972 मध्ये अपस्माराने पीडित अशा एका तरुणीवर केलेला तसाच प्रयोग प्रसिद्ध झाला आणि 1976 मध्ये ज्योएल लुबार यांनी अतिचंचल मुलासंबंधीचा आपला प्रयोग मांडला. आज शहरांतून ज्या बैठका दिल्या जातात, त्यांचे कूळ हे असे आहे.

यातील तत्त्व मात्र अगदी साधे आहे. मूल अक्षर गिरविते ते स्वतःचे अक्षर डोळ्यांनी पाहून. गाणारा सूर लावतो तो स्वतःचा सूर कानांनी ऐकून. चुकले की लगेच कळते, म्हणून सुधारता येते. मेंदूत या क्षणी काय चालले आहे हे मात्र कोणालाच दिसत नाही. न्यूरोफीडबॅकचे यंत्र त्या मेंदूपुढे आरसा धरते. लहरी इष्ट दिशेने गेल्या की पडद्यावर काहीतरी सुखद घडते, न गेल्या की ते थांबते. मेंदू हळूहळू सुखद बाजूकडे झुकावा, अशी त्यातील अपेक्षा आहे.

आता प्रत्यक्ष बैठकीकडे वळू. पहिल्या भेटीत बहुधा तारा लावीतच नाहीत. निदान लावावयाची घाई करू नये. त्या दिवशी आईबापांची आणि मुलाची सविस्तर विचारपूस होते, प्रश्नावल्या भरून घेतात. उत्तम रीत अशी की, शिक्षकालाही एक प्रश्नावली पाठवावी. त्यानंतर डोळे उघडे ठेवून आणि डोळे मिटून अशी मूळची नोंद घेतात. तीसाठी कधी छिद्रे असलेली कापडी टोपी घालून एकोणीस ठिकाणी लहान तबकड्या टेकवितात. त्यातूनच पुढे तो रंगीत नकाशा तयार होतो.

शिकवणीच्या बैठकीला इतक्या तबकड्या लागत नाहीत. एकदोन किंवा थोड्या अधिक पुरतात. डोक्यावरील ठरलेली जागा पुसून तेथे चिकट मलम लावतात आणि त्यावर तबकडी बसवितात. कानांच्या पाळ्यांना चिमटे लावतात. मुलाला आधीच सांगून ठेवावे की या तारांतून डोक्यात वीज जात नाही; डोक्यात जी आहे तिचाच कानोसा त्या घेतात. आमच्याकडील आयांना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. त्या दिवशी मुलाचे केस स्वच्छ धुतलेले असावेत आणि खोबरेल तेल मुळीच लावू नये. तेलावर तबकडी नीट बसत नाही आणि नोंद बिघडते. मूल पोटभर जेवलेले आणि रात्री पुरेसे झोपलेले असावे. बैठक संपल्यावर केसांत थोडे मलम राहते, ते पाण्याने निघून जाते.

मग मूल पडद्यासमोर बसते. पडद्यावर एखादे विमान उडते, मोटार धावते किंवा आवडीचे चित्र चालू असते. हातात कळ नाही, दांडी नाही. मूल साहजिकच विचारते, ‘मी करू काय?’ त्यावर उत्तर मिळते, ‘विमान वर राहील असे कर.’ हे ऐकून मोठी माणसेही गोंधळतात. कारण ते कसे करावयाचे हे शब्दांत कोणालाच सांगता येत नाही. सायकलचा तोल कसा सांभाळावा हे तरी कोठे सांगता येते? मूल दात आवळते, डोळे वटारते, अंग ताठ करते. परंतु पापणीच्या आणि जबड्याच्या हालचालींनी उमटणारी वीज मेंदूच्या लहरींपेक्षा मोठी असल्याने विमान उलट अडखळते. काही वेळाने ते शांत बसते आणि विमान चालू लागते. शिकविणारा सुरुवातीला परीक्षा सोपी ठेवतो आणि जमेल तशी अवघड करीत नेतो. एक बैठक अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत चालते. त्यात खरी शिकवणी वीसतीस मिनिटांचीच असते आणि तीही मध्ये विसावा देऊन. आठवड्यातून दोन किंवा तीन, अशा एकंदर वीस ते चाळीस बैठका सांगितल्या जातात. पहिल्या चारपाच बैठकांत नवलाई असते. पुढे कित्येक मुलांना कंटाळा येतो. तो आला म्हणजे उपचार बिघडला असे मानू नये आणि मुलाला रागावूही नये. शेवटच्या बैठकांतून चांगला शिकविणारा पडदा बंद ठेवून तीच स्थिती आणावयास सांगतो, आणि लगेच पुस्तक पुढे ठेवतो. कारण शिकलेले विमानापाशीच राहिले तर त्याचा उपयोग काय?

प्रौढ माणसाची बैठक याच धर्तीची, परंतु अधिक निवांत असते. झोप न लागणे, सततची चिंता, लक्ष विखुरणे अशा तक्रारी घेऊन प्रौढ माणसे येतात. डोक्याला मार लागल्यानंतर स्मरणशक्ती आणि एकाग्रता मंदावलेल्या रुग्णांवर बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे. आपल्या रस्त्यांवर दुचाकीचे अपघात किती होतात हे आठवले म्हणजे या अभ्यासाचे महत्त्व कळते. प्रौढाला कधी डोळे मिटून आरामखुर्चीत बसवितात आणि इष्ट लहर आली की मंद सूर ऐकवितात. येथे एक गंमत होते. जो अधिक धडपडतो त्याला ते साधत नाही. जो प्रयत्न सैल सोडतो त्याला साधू लागते. आयुष्यभर नेटाने कामे करणाऱ्या माणसाला हे फार जड जाते. बैठकीनंतर काहींना हलके वाटते, काहींना झोप येते. काहींचे डोके थोडे दुखते, चिडचिड होते किंवा त्या रात्री झोप उशिरा लागते. हे त्रास बहुधा सौम्य आणि थोड्या वेळाचे असतात. तथापि ते शिकविणाऱ्याला सांगावेत. ज्यांना अपस्माराची किंवा अन्य औषधे चालू आहेत त्यांनी ‘आता बैठका घेतो आहोत’ म्हणून ती आपल्या मनाने थांबविणे धोक्याचे आहे. अपस्माराची गोळी अकस्मात बंद केल्यास जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो.

येथवर बैठकीची हकीकत झाली. आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते: याने मूल चांगले होते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या रीतीशी आपल्या गोव्याच्या एका सुपुत्राची आठवण निगडित आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. निद्रिस्त होऊ लागलेली एक स्त्री आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभा असलेला झगाधारी पुरुष, असे ते शिल्प रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 साली घडविले. तो पुरुष म्हणजे कांदोळीत 1756 साली जन्मलेले आबे फारिया. त्यांच्या तारुण्यात पॅरिस शहराला मेस्मर नावाच्या वैद्याने वेड लावले होते. आपल्या हातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने रोग बरे होतात, असे मेस्मर म्हणे. आणि त्याच्यापुढे बसलेल्या लोकांना खरोखरीच झटके येत, कित्येकांना बरेही वाटे. 1784 साली फ्रान्सच्या राजाने चौकशीमंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी फ्रँकलिनच्या बागेत एका झाडावर तो ‘द्रव’ सोडावयास लावला आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला दुसऱ्याच झाडांपाशी नेले. मुलगा भलत्याच झाडापाशी मूर्च्छा येऊन पडला. द्रव नव्हता, अपेक्षा मात्र खरी होती आणि तिचा परिणामही खरा होता.

चौकशीमंडळाचे काम तेथे संपले. फारियांचे विचार मात्र तेथून पुढे गेले. 1813 पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केले आणि 1819 मध्ये, ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी, त्यांचा ग्रंथ निघाला. निद्रेचे सामर्थ्य निजविणाऱ्याच्या हातात नसून निजणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असते, हे त्यांचे म्हणणे. बांबोळीस आज जी मानसोपचार संस्था आहे, तिचे पूर्वीचे रुग्णालय याच आबे फारियांच्या नावाने ओळखले जाई.

डोळे बांधून झाडापाशी नेण्याची तीच रीत आजच्या संशोधकांनी न्यूरोफीडबॅकला लावून पाहिली. अमेरिकेत दोन ठिकाणी झालेल्या आणि 2021 साली छापल्या गेलेल्या एका प्रयोगात सात ते दहा वर्षे वयाची 144 मुले घेतली होती. सर्वांना लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, ज्याला एडीएचडी म्हणतात, तो असल्याचे कसून तपासलेले होते. काहींपुढे खरा आरसा धरला, उरलेल्यांपुढे खोटा. म्हणजे त्यांना पडद्यावर जे दिसे ते दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदविलेल्या लहरींवर चाले. पापण्यांची उघडझाप तेवढी त्यांची स्वतःची. खरा कोणाचा आणि खोटा कोणाचा हे मुलांना ठाऊक नव्हते, आईबापांना नव्हते, शिक्षकांना नव्हते. अशा 38 बैठका झाल्यावर आईबापांच्या आणि शिक्षकांच्या नोंदी पाहता मुलांचे लक्ष सुधारलेले आढळले. परंतु ते दोन्ही गटांत सुधारले होते! खऱ्या आरशाची मुले खोट्या आरशाच्या मुलांपेक्षा पुढे गेली असे ठामपणे म्हणण्याजोगा फरक शेवटी दिसला नाही, आणि तेरा महिन्यांनंतरही दिसला नाही. 2024 च्या अखेरीस अशा 38 प्रयोगांचा आणि त्यांतील 2472 व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेखोटे ठाऊक नव्हते अशांच्या नोंदी पाहिल्या असता, एडीएचडीच्या लक्षणांत अर्थपूर्ण लाभ होत असल्याचे त्यात आढळले नाही. प्रौढांच्या निद्रानाशाचेही तसेच झाले. साल्झबुर्ग येथील प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोट्या बैठका घेणाऱ्यांनाही खऱ्या बैठका घेणाऱ्यांइतकेच बरे वाटले.

यावरून ‘हे सारे थोतांड आहे’ असे म्हणून मोकळे होणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मुले सुधारली ही गोष्ट खोटी नव्हती. त्यांच्या सुधारण्याचे श्रेय त्या विशिष्ट लहरींना देता येत नाही, एवढेच प्रयोगाने दाखविले. मग ते द्यावयाचे कशाला? काही अंशी मुलाच्या वाढत्या वयाला आणि आशेला असेल. परंतु शिक्षिकेच्या नजरेने मी त्या बैठकीकडे पाहते तेव्हा मला आणखी काही दिसते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एक मोठे माणूस दुसरे काही न करता या एकाच मुलाजवळ बसते. काम लहान लहान तुकड्यांत पुढे येते. जमले की त्याच क्षणी कळते; चुकले तर कोणी रागावत नाही, विमान फक्त थांबते. आई कामधाम सोडून त्याला घेऊन येते. दाराशी उभे राहण्याची सवय झालेल्या मुलाला असे तास आयुष्यात कितीसे लाभलेले असतात? सुधारणेचे कारण हेच, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण यातील बराच भाग तारांवाचूनही देता येण्यासारखा आहे, हे मात्र निश्चित.

म्हणून ज्यांच्यापुढे हा प्रश्न आहे त्यांना माझे सांगणे असे. तारांच्या आधी डॉक्टरांकडे जावे. मुलाचे डोळे आणि कान तपासावेत, झोप पुरते की नाही ते पाहावे. वर्गात काही क्षण शून्यात पाहत राहून पुन्हा भानावर येणारे मूल कधीकधी दुर्लक्ष करीत नसते. तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो आणि त्याला औषध आहे. एडीएचडीचे निदान एखाद्या रंगीत नकाशावरून होत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झाली काय, सहा महिने टिकली काय, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसतात काय, हे विचारून ते करावयाचे असते. निदान झाल्यास आईबापांना मुलाशी कसे वागावे याचे शिक्षण, शाळेत योग्य ते फेरफार, आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, हे मार्ग अधिक पारखलेले आहेत. त्यानंतरही न्यूरोफीडबॅक घ्यावेसे वाटले तर जरूर घ्यावे. पण बैठका देणाऱ्याला चार प्रश्न विचारून घ्यावेत. आपले शिक्षण काय, आणि चिकित्सा-मानसतज्ज्ञ म्हणवीत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे आपली नोंद आहे काय? मुलात नेमका कोणता बदल व्हावयाचा आहे आणि तो कोण मोजणार? दहा बैठकांनंतर काहीच दिसले नाही तर आपण काय कराल? आणि सर्व पैसे आधीच भरावे लागतील काय? जो या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडे जाऊ नये. जो ‘औषधे आजच बंद करा’ म्हणतो किंवा खात्री देतो, त्याच्याकडे तर मुळीच जाऊ नये.

आठ दिवसांनी ती माउली पुन्हा आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून हिशेब मांडला. आठवड्याला दोन, म्हणजे चाळीस बैठकांना वीस आठवडे. किनाऱ्यावरील एका अतिथिगृहात ती साफसफाईचे काम करते. प्रत्येक खेपेस अर्ध्या दिवसाची मजुरी जाणार, चोपड्याच्या पुलावरून म्हापशापर्यंत दोघांचे बसभाडे, आणि बैठकीचे शुल्क निराळेच. ‘घेऊ नका’ असे मी तिला म्हटले नाही. तो अधिकार माझा नव्हे. मला जे कळले होते ते सारे मी तिला सांगितले. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारले, ‘मग आधी डॉक्टरांकडे जाऊ?’

ती गेली. डॉक्टरांनी निदान केले आणि आईबापांना चार गोष्टी शिकविल्या. मी माझ्यापरीने त्याला पहिल्या बाकावर घेतले. दहा गणितांऐवजी तीन-तीन देऊ लागले आणि प्रत्येक तिनानंतर त्याच्या लहान वहीत एक खूण. शाळा सुटताना आम्ही दोघे त्या खुणा मोजतो, वही घरी जाते, आई सही करते. अशा रोजच्या नोंदवहीची पद्धत ठिकठिकाणचे शिक्षक वापरतात. मी काही नवीन केले नाही. बसून अंग आखडले की त्याला खडू आणावयास पाठविते. पूर्वी तो उठला की मी ओरडत असे. आता तो उठण्याआधीच मी त्याला उठविते.

आबे फारियांच्या तरुणपणाची एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर या तरुणाची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच आपल्या बोलीत म्हटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि मुलगा बोलू लागला. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातले वडील मला फार आवडतात. मुलगा अडखळला तेव्हा ते रागावले नाहीत, लाजले नाहीत. त्याला त्या क्षणी कळेल आणि उपयोगी पडेल असे तीनचार शब्द त्यांनी त्याच्यापर्यंत पोहोचविले.

आमचा मुलगा ‘चांगला झाला’ काय, असे कोणी विचारील. तो आजही वही विसरतो. खिडकी अजून त्याला बोलाविते. बैठकांचा विचार त्याच्या आईने सोडलेला नाही. वर्ष संपल्यावर पाहू, असे ती म्हणते, आणि तिने ठरविले तर शिक्षकाची प्रश्नावली मी मनापासून भरून देईन. मात्र गेल्या सहामाहीत निबंधाला ‘आमची रापण’ हा विषय दिला असता त्याने एक पान पुरे लिहिले. मध्ये दोनदा उठला, परत येऊन बसला आणि शेवटचे वाक्य पूर्ण करूनच वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्या दिवशीच्या खुणा आम्ही मोजल्या तेव्हा सात भरल्या.